मिलट्रीच्या पोटात जिनिंगचं इंजिन

तानबा थूलला इंजिनातलं कळतं हे सेलूत शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं, पण त्याला मिस्त्री म्हणायला कोणाची जीभ वळत नव्हती. जिनिंगच्या हजेरीबुकात त्याच्या नावापुढं 'तेलवाला' असं लिहिलेलं, म्हणून अख्खं सेलू त्याला तेलवाला तानब्या म्हणे. आता तुम्हीच सांगा, ज्या माणसानं सात हंगाम सहा सिलिंडरचं इंजिन एकट्यानं चालवलं, बिघडलं तर खोललं, पुन्हा जोडलं, तो काय नुसता तेलवाला? पण लोकांच्या तोंडाला हात कोण लावणार!

हे कसब तानबा फौजेतून शिकून आला होता. लढाईच्या काळात तो गाड्यांच्या तुकडीत होता आणि आसामच्या चिखलात रुतलेले ट्रक काढता काढता त्याचे हात तयार झाले. लढाई संपली तसा तो हिंगणीच्या वाटेवरच्या आपल्या गावी परतला. गावच्या महादेवराव पाटलानं त्याला वेशीतच गाठून सांगितलं, फौज झाली, आता गोठ्यात बैल मेलाय तो ओढून टाक. तानबानं ओढला. न ओढून करतो काय? पुढं सेलूच्या जिनिंगमध्ये काम लागलं, तरी गावात ढोर मेलं की सुटी घेऊन त्याला जावंच लागे.

मग छप्पन सालचा दसरा आला. तानबा आणि त्याची बायको पंचफुला साऱ्या वस्तीबरोबर नागपूरला गेले, पांढरे कपडे घालून दीक्षा घेतली आणि परत येऊन गावाला सांगून टाकलं, की आजपासून मेलेलं ढोर आम्ही ओढणार नाही. पाटलानं शेतातलं काम बंद केलं. मग नवराबायको गाव सोडून सेलूच्या कडेला एका झोपडीत येऊन राहिले. जिनिंगची मजुरी होती, तोवर त्यांचं काही अडलं नाही.

अडलं ते पुढच्या उन्हाळ्यात. जिनिंगवाल्यानं नवं डिझेल इंजिन आणलं आणि त्या इंजिनाबरोबर नागपूरचा त्याचा माणूसही आला. जुनं इंजिन भिंतीशी पडलं आणि तानबा घरी बसला. ही बातमी महादेवराव पाटलाच्या कानावर गेली नसती तर नवल. त्याचा निरोप आला: परत ये, घर देतो, काम देतो. मात्र ढोर ओढा लागंल, आणि चावडीपुढं उभं राहून चूक झाली म्हना लागंल.

"मी दगड फोडीन," पंचफुला म्हणाली, "पन त्या चावडीपुढं उभी नाई राहत."

पण दगड फोडायचं कामही पावसाळ्यात कुठं असतं? पंचफुलाचं दळण-कांडण आणि तानबाच्या सायकल-दुरुस्तीवर दोघांनी भादवा काढला. दसऱ्यापर्यंत पाहू, नाहीतर जावं लागेल, हे दोघांनाही कळत होतं.

सेलूत भैयाजींची लाकडाची टाल होती. बोरीकडच्या जंगलातलं सागवान तोडून आणायचा ठेका त्यांच्याकडं होता आणि ते लाकूड आणायला त्यांनी लढाईनंतरच्या लिलावात घेतलेला एक फौजी ट्रक होता. चारही चाकांनी ओढणारा, नालापाणी काही न बघणारा, म्हणून गाव त्याला 'मिलट्री' म्हणे. ट्रक बारा वर्षांचा झाला होता. त्याचं चार सिलिंडरचं इंजिन पार खंगलं होतं. जंगलातून निघताना वाघदऱ्याचा नाला लागतो आणि नाल्यातून वर यायला एक खडा चढ आहे. भरलेली मिलट्री त्या चढावर निम्म्यात उभी राही. मग नत्थूजी गाडीवान आपल्या तीन बैलजोड्या लावून तिला वर ओढून काढी. फौजी ट्रकापुढं सहा बैल! येणारे-जाणारे हसत, आणि नत्थूजी मिशीला पीळ देत चालत.

तानबा एके दिवशी टालीवर जाऊन उभा राहिला.

"भैयाजी, जिनिंगवाल्यानं जुनं इंजिन कबाडात काढलं. ते घ्या. मी मिलट्रीत बसवून देतो."

"बाप्पा!" भैयाजी हसले. "ट्रकात जिनिंगचं इंजिन? उद्या म्हनशील बैलाले हत्तीचं पोट लाव."

"ते जिनिंगचं नाई जी. ते बी ट्रकचंच होय, लढाईतलंच. जिनिंगवाल्यानं त्याले सात वर्सं खुट्याले बांधून ठेवलं, एवढंच. कापसातली सरकी काढाचे बारा चरके ओढत होतं ते."

भैयाजी माणूस वाईट नव्हते, पण पोटातलं पाणी हलू न देणारे. त्यांनी चार दिवस विचार केला. मग म्हणाले, "दसऱ्याले माही माय सीमोल्लंघनाले निघते. अवंदा ती वाघदऱ्यापर्यंत येईन. त्या दिवशी भरलेली मिलट्री तो चढ चढली पाह्यजे. बैल लावाचा नाई. चढली तं तू गाडीवर कायमचा. नाई चढली तं इंजिन अन् ट्रक दोन्ही कबाडात, अन् तू..."

"मी गावाले," तानबा म्हणाला.

टालीच्या मागं चिंचेखाली काम सुरू झालं. सागाचे तीन ओंडके वर बांधून तिकाटणं उभं केलं, साखळी लावली आणि जुनं इंजिन उपसून काढलं. पण जिनिंगचं इंजिन तिथं बसेल तर ना! ते वीतभर लांब आणि दोन मणांनी जड. तानबानं मधला पत्रा कापून मागं सरकवला, पाण्याची टाकी पुढं नेली, आणि तरीही बॉनेट लागेना, तेव्हा मिलट्रीचं नाकच हातभर पुढं काढलं. गिअरपेटीची भोकं नव्या इंजिनाला जुळत नव्हती. त्यासाठी त्यानं बोटभर जाडीची लोखंडी पाटी वर्ध्याच्या लेथवर कापून आणली आणि दोघांच्या मध्ये घातली. पुढच्या कमानी दबल्या, तर त्यांत एकेक पट्टी वाढवली. इंजिन थरथरू नये म्हणून खाली सागाचे ठोकळे आणि जुन्या टायरचे तुकडे.

सात वर्षं हौदाचं खारं पाणी पिऊन इंजिनाच्या आत पांढरा थर बसला होता. तानबानं त्याला तीन दिवस चिंचेचं पाणी पाजलं. नत्थूजी येता-जाता बघे आणि म्हणे, "चिंच झाली, आता गूळ टाक तानब्या, वरन होईन!" मिलट्रीचं ते लांब नाक बघून तो तिला घोडी म्हणायला लागला. "घोडी सजली म्हना. वरात दसऱ्याले का?"

तानबा हसत नसे. त्याला हसणं परवडणारं नव्हतं.

भैयाजींच्या आई अन्नपूर्णाबाई रोज दुपारी काम बघायला येत. सत्तरीची बाई, सोवळ्याओवळ्याची. तानबाला पाणी द्यायच्या ते वरून, ओंजळीत. पण पाण्याबरोबर गुळाचा खडा द्यायला कधी विसरल्या नाहीत. तानबाला ते वरून ओतलेलं पाणी खुपे आणि गूळ गोड लागे, दोन्ही खरं.

"एवढं मोठं चाक कायचं रे?" त्यांनी एकदा विचारलं.

"सगळं याच्यावरच फिरते, आई. हे चाक म्हंजे इंजिनाचा जीव."

बाईंनी ते नीट ध्यानात ठेवलं. हे वाक्य आपल्याच अंगावर येणार आहे हे तानबाला तेव्हा काय माहीत!

आता त्या चाकाचं सांगायला हवं. इंजिनात ठिणगी वेळेवर पडली पाहिजे. सिलिंडरातला दट्ट्या, म्हणजे पिस्टन, वर पोचतो तेव्हाच. उशीर झाला तर तेल निवल्यावर मोहरी टाकल्यासारखं होतं, तडतडत नाही, नुसतं वाया जातं. ती वेळ साधायला तानबाची पद्धत अशी: पहिल्या सिलिंडरचा प्लग काढायचा, भोकात बांबूची सरळ काडी सोडायची आणि हँडलनं इंजिन हळूहळू फिरवायचं. काडी वर येत येत जिथं थांबली, तिथं दट्ट्या माथ्यावर. मग मोठ्या चाकावर, झाकणातल्या तळहाताएवढ्या खिडकीतून दिसेल असं, तिथल्या पक्क्या काट्यासमोर शेंदराचं एक बोट ओढायचं. पाइपाच्या जोडाला लावतात तोच शेंदूर, तेलात कालवलेला. पुढं ठिणगीचा डबा, प्लगांना ठिणगी वाटणारा, बसवताना ते बोट काट्यासमोर आणलं की झालं. फौजेतल्या साहेबाकडं यासाठी पांढरा रंग असे, तानबाकडं शेंदूर होता.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी त्यानं काडी घालून खूण केली. मग क्लचचे बोल्ट आवळायला इंजिन थोडं मागं-पुढं फिरवावं लागलं, तेव्हा ते शेंदराचं बोट सरकून खिडकीच्या वरच्या कडेशी जाऊन अडलं, निम्मं दिसे, निम्मं झाकलेलं. ठिणगीचा डबा तेवढा बसवायचा राहिला. दिवस मावळला तसं त्यानं हात धुतले.

दसऱ्याला सकाळी पंचफुलानं पांढरं लुगडं काढून ठेवलं होतं. दीक्षेला वर्ष झालेलं. वस्तीत दिवेलागणीला सगळे मिळून वंदना घेणार होते.

"आजच्या दिवशीबी कामाले जाता?" ती म्हणाली.

"आज नाई गेलो तं उद्या कुठं जा लागंल, तुले ठाव हाय."

तिनं मान फिरवली. "वंदनेच्या टायमाले येजो. चढली तरी येजो, नाई चढली तरी येजो."

टालीवर पोचतो तर अन्नपूर्णाबाई ताट घेऊन मिलट्रीपुढं उभ्या. नारळ, फुलं, अक्षता, आणि वाटीत तेलातला शेंदूर. त्यांच्या घरची रीतच तशी होती. दसऱ्याला हत्यारांना कुंकू नाही, कुलदेवीचा शेंदूर लावायचा. करवती, कुऱ्हाडी, वजनाचा काटा, सगळ्यांना लावून झाला होता. आता ट्रकची पाळी.

तानबा काही न बोलता मागं फिरला आणि चिंचेच्या पलीकडं ओंडक्यावर जाऊन बसला. त्यानं वर्षापूर्वी शपथा घेतल्या होत्या आणि त्या त्याला पाठ होत्या. पूजा करणार नाही, पूजेला उभा राहणार नाही. नत्थूजी मोठ्यानं म्हणाला, "मालकाचं मीठ खातो अन् देवीले पाठ दाखवतो! पाह्यजा, भोवते." तानबानं ऐकलं आणि गिळलं. राग आला नाही असं नाही, कानशिलं तापली होती. पण तो जागचा उठला नाही.

अर्ध्या तासानं तो परत आला. सगळे जेवायला गेले होते. त्यानं हँडल घालून इंजिन दोन वेढे फिरवलं, खिडकीत लाल दिसताच ते काट्यासमोर आणलं आणि ठिणगीचा डबा बसवून आवळला. काडी घालून पुन्हा तपासायला हवं होतं. फौजेत त्यानं असं न तपासणाऱ्या पोरांना शिव्या घातल्या होत्या. पण आपल्याच हातची खूण, कालचीच, तिला काय पुन्हा विचारायचं?

हँडल मारलं आणि इंजिन बोललं. सहा सिलिंडरचा तो भरदार आवाज ऐकून भैयाजी हातातला घास टाकून बाहेर आले. तानबाला वाटलं, आपण जिंकलो.

हिंगणीपर्यंतची वाट सपाट. पाणी जरा लवकर तापलं, पण नवीन मांडणी आहे, टाकी लहान आहे, असं म्हणून त्यानं मनावर घेतलं नाही. दुपारी मिलट्रीवर सागवान भरलं, पूर्ण भरती. नाल्याच्या वर सावलीत अन्नपूर्णाबाई आपल्या रेंगीत, लहानशा बैलगाडीत बसून होत्या, भैयाजी शेजारी उभे. नत्थूजी तीन बैलजोड्या घेऊन हजर. त्याला कोणी बोलावलं नव्हतं.

तानबानं खालचा गिअर टाकला, चारही चाकं लावली आणि पाय दाबला. मिलट्री नाल्यातून उठली, दहा हात चढली, वीस हात चढली. मग आवाज बसत गेला. पाय तळाला टेकला तरी गाडी ओढेना. पुढून वाफेचा फवारा उडाला, धुराची नळी लालबुंद झाली, आणि बरोबर जिथं जुनं इंजिन थांबायचं, त्याच खडकापाशी हे नवं इंजिन थांबलं.

तानबानं चाकांखाली दगड लावले. डोळ्यांपुढं ना भैयाजी होते ना गाडी, सरळ महादेवराव पाटलाची चावडी होती आणि तिच्यापुढं पांढऱ्या लुगड्यातली पंचफुला.

"काय म्हनलं व्हतं मी?" नत्थूजी बैल सोडत म्हणाला. "देवीले पाठ दाखवली, तिनं जागा दाखवली. सोडू का जोड्या?"

भैयाजी खाली उतरून आले. त्यांच्या हातात नारळ होता. हळू आवाजात म्हणाले, "तानबा, माह्यासाठी कर. हा फोड अन् इंजिनापुढं हात जोड. लोकायचं समाधान होईन. मंग एकडाव अजून पाहू. नाई तं उद्या दोन्ही कबाडात, मी बोललो तसं."

सोपं होतं हो! एक नारळ. कोण वस्तीतलं बघत होतं? तानबानं नारळाकडं पाहिलं, वर रेंगीकडं पाहिलं.

"भैयाजी, हात मशीनले लावीन. जोडनार नाई," तो म्हणाला. "मले इंजिन थंड होऊ द्या. एक घंटा."

"एक घंटा," भैयाजी म्हणाले आणि नारळ घेऊन परत गेले.

तो दगडावर बसला आणि विचार करू लागला. सकाळी आपल्याला वाटलं होतं, टाकी लहान आहे. पण टाकी लहान असती तर पाणी उकळलं असतं, ताकद का गेली? हेच इंजिन बारा चरके दिवसभर ओढत होतं. खोकत नव्हतं, ठोकत नव्हतं, नुसतं मरगळलेलं. आणि धुराची नळी लाल. नळी लाल कधी होते? आग सिलिंडरात लागायची ती उशिरा लागून नळीत जाते तेव्हा. म्हणजे ठिणगी उशिरा. पण ठिणगी तर आपण खुणेवर लावली होती!

तानबा उठला. बेटातला बांबू तोडून त्यानं सरळ काडी तासली. पहिला प्लग काढला, काडी सोडली, आणि गाडीच्या नाकाशी गुडघे टेकून, मान खाली घालून, दोन्ही तळहातांमध्ये ती काडी अलगद धरून बसला. भैयाजींच्या माणसाला हँडल फिरवायला लावलं. काडी वर आली, वर आली, थांबली. दट्ट्या माथ्यावर. तो वाकून खिडकीत बघतो तर काट्यासमोर शेंदूर नाही. शेंदूर तिथून तीन बोटं बाजूला.

काट्यासमोर होता फक्त पुसट तांबूस डाग, कोणीतरी पुसल्यासारखा. आणि तीन बोटं पलीकडं होता तो छान, ठसठशीत, गोल टिळा. त्यात तांदळाचा एक दाणा चिकटलेला.

तानबाच्या खुणेत तांदूळ कशाला असेल?

त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला आणि पाठोपाठ संताप चढला. आधी बाईंवर, मग स्वतःवर. त्यानं नखानं तो दाणा काढून सदऱ्याच्या खिशात टाकला, ठिणगीचा डबा सैल केला, खरी वेळ धरून पुन्हा आवळला. नाल्यातून पाणी आणून टाकी भरली.

या वेळी हँडल मारताच इंजिनाचा आवाज वेगळाच आला, कोरडा आणि टणक. तानबानं चाकाखालचे दगड काढायला सांगितले आणि पाय दाबला. मिलट्री त्या खडकापाशी एकदा गुरगुरली, आणि अडलेलं घोडं बघता बघता निघालं. लाकडासकट चढ चढून ती सरळ रेंगीच्या पुढं जाऊन उभी राहिली. बैल बिचारे बाजूला उभे राहून चघळत होते.

लोक ओरडले. भैयाजींनी खुशीत नारळ आपणच दगडावर आपटला. आणि नत्थूजी? तो गप्प बसेल तर नत्थूजी कसला!

"सांगतो का कोनाले खोटं? आपल्या डोयानं पाह्यलं!" तो मोठ्यानं म्हणाला. "गुडघे टेकले, मान खाली घातली, दोनी हात जोडले, तवा कुठं घोडी चढली. झाला ना बरोबर!"

लोक हसले. भैयाजीही हसले आणि तानबाच्या खांद्यावर थाप मारून म्हणाले, "जाऊ दे ना. चढली ना? तू गाडीवर पक्का."

झालं, काम झालं होतं. गप्प बसला असता तर कोणाचं काही बिघडत नव्हतं. पण ही गोष्ट संध्याकाळच्या आत सेलूत जाणार, सेलूहून वस्तीत जाणार, आणि पंचफुला वंदनेला बसलेली असताना कोणीतरी तिला सांगणार, की तुझ्या नवऱ्यानं आज इंजिनापुढं हात जोडले. तानबाला ते सोसेना.

"म्या हात जोडले नाई!" तो ओरडलाच. "काडी धरली होती. इंजिन अडलं काऊन, सांगू? हे पाहा." त्यानं खिशातून तांदळाचा दाणा काढून तळहातावर धरला. "माह्या खुनेवरचा शेंदूर कोनं तरी पुसला अन् तीन बोटं सोडून नवा लावला. म्या त्यालेच माही खून समजलो. म्हून ठिनगी उशिरा पडली, म्हून पानी उकळलं. देवीनं काई नाई केलं. पूजेनं केलं."

भैयाजींच्या कपाळाची शीर उठली. "तानबा! माह्या मायचा दोष काढतो? चार लोकायपुढं?"

"दोष माहाबी हाय," तानबा म्हणाला. आवाज खाली आला, पण नजर खाली गेली नाही. "काडी घालून पुन्हा पाह्याले पाह्यजे होतं. नाई पाह्यलं. आता ठेवा नाई तं काढा. पन हात जोडले, असं कोनी म्हनाचं नाई."

रेंगीत अन्नपूर्णाबाई आपल्या पदराचं टोक उलगडून बघत होत्या. त्यावर तेलकट तांबडा डाग होता.

"भैया, थांब," त्या म्हणाल्या. "शेंदूर म्याच पुसला. वरच्या कोपऱ्यात वाकडातिकडा फासला होता, मले वाटलं तुह्या नोकरायनं उरकून टाकलं. हा म्हने चाक म्हंजे इंजिनाचा जीव. जिवाले का असा टिळा लावते? म्हून पुसला अन् मधोमध लावला, नीट." मग त्यांनी तानबाकडं पाहिलं आणि त्यांचाही पारा चढला. "अन् तू रे? बाहेर काऊन जाऊन बसला होता? उभा असता तं बोलला नसता का, आई, हे माही खून होय म्हून?"

"तुमी पूजा करता. मी करत नाई. म्हून बाहेर होतो."

"मंग बाहेर राह्य ना! म्या का ओढून आनलं? पन सांगून तं जात जाय, कुठं हात लावाचा, कुठं नाई."

तानबानं मान हलवली. बाईंचं बरोबर होतं.

अन्नपूर्णाबाई लेकाला म्हणाल्या, "चूक माही अर्धी, याची अर्धी. गाडी मात्र यानं एकट्यानं चढवली. सेलूले चाल आता, दिवस जाऊन राह्यला." भैयाजींनी एकदा आईकडं, एकदा मिलट्रीच्या लांब नाकाकडं पाहिलं. मग ट्रकचं दार उघडून तानबाशेजारी जाऊन बसले. नत्थूजी रिकाम्या जोड्या घेऊन मागून आला. वाटभर त्याच्या तोंडून शब्द निघाला नाही, हे सेलूत पहिल्यांदाच घडलं.

दिवेलागणीच्या आधी तानबा घरी पोचला. पंचफुला दारातच उभी होती, पांढऱ्या लुगड्यात. तिनं त्याचे काळे हात पाहिले, तोंड पाहिलं.

"जा लागते का गावाले?"

"नाई."

ती मटकन उंबऱ्यावर बसली आणि पदरात तोंड लपवून रडली. भादव्यात एकदाही रडली नव्हती. मग उठून तिनं त्याच्यासाठी धुतलेला सदरा काढला आणि दोघं वंदनेला गेले.

दुसऱ्या दिवशी तानबानं पहिलं काम केलं ते असं: छिन्नी घेऊन मोठ्या चाकावर, बरोबर खऱ्या जागी, नखभर खोल रेघ कोरली. शेंदूर पुसला जातो, सरकतो. कोरलेली रेघ कुठं जाणार?

वर्ष सरलं. मिलट्री त्या वर्षात वाघदऱ्याचा चढ किती वेळा चढली याची गणती नाही. नत्थूजीनं एक जोडी विकली. महादेवराव पाटलाचा पुन्हा निरोप आला नाही. अन्नपूर्णाबाई अजून पाणी वरूनच ओतत होत्या, आणि तानबानं आता घरून स्वतःचा तांब्या आणायला सुरुवात केली होती. गूळ मात्र घेत असे.

दसऱ्याला सकाळी ताट घेऊन त्या टालीच्या मागं आल्या. लोक जमले. भैयाजींनी वाटी पुढं केली, तशा बाई म्हणाल्या, "थांब. आधी मिस्त्री कुठं हाय तो पाहा. त्याले इचारल्याशिवाय मी चाकाले बोट लावत नाई."

मिस्त्री कोण, हे आधी कोणाला कळलंच नाही. तानबालाही नाही. तो धुतलेला पांढरा सदरा घालून चिंचेशी उभा होता. वंदनेसाठी आज लवकर सुटी घेणार होता.

तो पुढं आला. हँडल घातलं आणि इंजिन हळूहळू फिरवलं. खिडकीत कोरलेली रेघ आली, बरोबर काट्यासमोर थांबली. तानबानं हँडल काढून बाजूला ठेवलं.

"इथं, आई," तो म्हणाला. "या रेघेत लावा. भरून लावा."

मग हात पुसत तो चिंचेच्या पलीकडं गेला आणि पूजा होईपर्यंत ओंडक्यावर बसून राहिला.